नातेवाईक चिडलेत, पॅनेल बघतंय: मुलाखतीतल्या वादाच्या प्रश्नाची तयारी

"पेशंटशी किंवा नातेवाइकांशी तुमचा वाद झाला, असा एखादा प्रसंग सांगा." रेसिडेन्सीची मुलाखत असो, फेलोशिपची असो की वैद्यकीय प्रवेशाची, हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. उत्तरं मात्र बहुतेक एकाच साच्यातली असतात: नातेवाईक चिडले, मी शांतपणे समजावलं, ते शांत झाले, जाताना आभार मानून गेले. पॅनेलला हे उत्तर एव्हाना पाठ झालेलं असतं. त्यांना ऐकायचं असतं ते 'समजावलं' आणि 'शांत झाले' यांच्या मधलं. तुम्ही नेमकं काय विचारलंत, त्यातून काय कळलं आणि ते कळल्यावर तुमचा बेत कुठे बदलला? वादात तुमचीच बाजू बरोबर होती, याला फारसे गुण मिळत नाहीत. एवढी एक गोष्ट पक्की झाली की बाकीची तयारी सोपी जाते.

प्रश्नाची रूपं तीन, आणि प्रत्येकाची तयारी वेगळी. पहिलं, घडलेला प्रसंग सांगा. इथे भूतकाळातच बोलायचं, "अशा वेळी मी साधारणपणे..." असं सुरू झालं की सांगण्यासारखा प्रसंगच नाही, असं पॅनेल धरून चालतं. दुसरं, काल्पनिक पेच: "मुलगा म्हणतो आईला कॅन्सरचं सांगू नका, तुम्ही काय कराल?" तिसरं, भूमिका वठवणं: समोर चिडलेल्या नातेवाइकाचं काम करणारा अभिनेता आणि कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन बसलेला परीक्षक.

प्रसंग निवडताना

तीन प्रसंग तयार ठेवा. एक, खोळंबा किंवा माहितीच्या अभावातून आलेला राग. दुसरा, उपचारांबद्दलचा मतभेद: नकार, सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याचा हट्ट, अनावश्यक औषधाची मागणी. तिसरा, जो नीट सुटला नाही. हा तिसरा बहुतेक उमेदवार तयारच करत नाहीत, आणि "जमलं नाही असा प्रसंग सांगा" म्हटल्यावर गडबडतात.

प्रसंग शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतला आणि तुमच्या तेव्हाच्या पायरीला साजेसा असावा. इंटर्न असताना अतिदक्षता विभागातला कौटुंबिक वाद एकट्याने मिटवल्याचं सांगितलंत, तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवलाच तर सीनियरला का बोलावलं नाही, हा पुढचा प्रश्न येईल. काही प्रसंग सरळ बाजूला ठेवा: ज्यात पेशंट मूर्ख ठरतो, ज्यात सगळं सीनियरने केलं आणि तुम्ही बाजूला उभे होता, ज्यावर तक्रार किंवा चौकशी अजून चालू आहे, आणि ज्यात पेशंट ओळखू येईल. नाव, वॉर्ड, तारीख, दुर्मीळ निदान यांतलं काहीही सांगायची गरज नसते. "सत्तरीतले एक गृहस्थ" एवढं पुरतं.

दोन मिनिटांचं उत्तर

'स्टार' साचा बहुतेकांना माहीत असतो: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. गोची असते ती वेळेच्या वाटणीत. उमेदवार पहिलं मिनिट केस प्रेझेंटेशनमध्ये घालवतात: मधुमेह किती वर्षं, क्रिएटिनिन किती, कुठली शस्त्रक्रिया. दोन मिनिटांपैकी परिस्थितीला 20 सेकंद, तुमच्या जबाबदारीला 10, कृतीला 65 ते 70 आणि उरलेला वेळ परिणाम व त्यातून काय बदललंत याला द्या. वैद्यकीय तपशील तेवढाच, जेवढा वाद समजायला लागतो.

नमुना म्हणून आधी एक कच्चं उत्तर:

"शस्त्रक्रिया पुढे ढकलल्यामुळे पेशंटची मुलगी खूप आरडाओरडा करत होती. मी तिला शांत केलं, तातडीच्या केसेसना प्राधान्य द्यावं लागतं हे समजावलं. तिला ते पटलं. संवाद किती महत्त्वाचा असतो, हे मी शिकलो."

यात खोटं काही नाही, पण गुण देण्यासारखंही काही नाही. मुलगी का ओरडत होती, हे विचारलेलंच नाही. आता तोच प्रसंग असा:

"अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका मधुमेही गृहस्थांची खुब्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा पुढे गेली. ते रात्रीपासून उपाशी होते. वॉर्डची जबाबदारी माझ्याकडे होती. पहिल्यांदा यादी बदलली तेव्हा मी नर्सना कळवलं, पण घरच्यांना सांगायला गेलो नाही. दुपारी त्यांची मुलगी वॉर्डच्या मधोमध मोठ्याने बोलू लागली. मी तिला बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं, 'सकाळपासून काय काय झालं ते तुमच्याकडून ऐकायचंय' म्हटलं आणि मध्ये बोललो नाही. ती ओघात म्हणाली, 'बाबांना घाम फुटलाय, कोणी बघत नाही.' मी बोलणं तिथेच थांबवून आधी त्यांची साखर तपासली. 62 निघाली. शिरेतून ग्लुकोज दिलं, साखर वर आल्याची खात्री केली, मग परत मुलीकडे आलो. तिला सांगितलं, 'तुम्ही बोललात म्हणून हे लगेच सापडलं. सकाळीच तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही, त्याबद्दल माफ करा.' शस्त्रक्रियागृहाला फोन केल्यावर कळलं की आज नंबर लागणं अवघड आहे. सीनियरशी बोलून त्यांना जेवण सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला नंबर मागितला. पहिला नंबर देण्याचं वचन मात्र मी मुलीला दिलं नाही. संध्याकाळी सहापर्यंत येऊन सांगतो म्हणालो, आणि तसं सांगितलं. तिची नाराजी पूर्ण गेली नाही. तेव्हापासून यादी बदलली की उपाशी असलेल्या प्रत्येकाकडे मी स्वतः जातो आणि मधुमेही असेल तर तिथल्या तिथे साखर बघतो."

दुसऱ्या उत्तराचं बळ तीन ठिकाणी आहे. रागाच्या बोलण्यात दडलेली वैद्यकीय माहिती उमेदवाराने ऐकली. स्वतःच्या वाट्याची चूक नेमक्या शब्दांत मान्य केली, सहकाऱ्यावर ढकलली नाही. आणि शेवट गोड केला नाही. "नाराजी पूर्ण गेली नाही" या वाक्याने आधीचं सगळं खरं वाटायला लागतं. शिकलेली गोष्टही दिसण्यासारखी आहे: कोण, केव्हा, काय करतो. "संवाद महत्त्वाचा असतो" हे कोणीही म्हणू शकतो.

रागाखाली काय असतं

नातेवाइकांच्या रागाखाली सहसा यांपैकी काहीतरी सापडतं: भीती, उशिरा आणल्याची टोचणी, जागरण, तीन डॉक्टरांकडून ऐकलेल्या तीन गोष्टी, खर्चाची धास्ती, आधीच्या आजारपणातला वाईट अनुभव. आणि कधीकधी राग अगदी रास्त असतो, हेही विसरू नका. वेदनाशामक चार तास उशिरा मिळालं असेल तर रागाखाली काही खणत बसायची गरज नाही. चूक मान्य करून औषध द्यायचं.

खालचं कारण काढायला लांबलचक प्रश्न लागत नाहीत. "सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?" "आत्तापर्यंत तुम्हाला काय सांगण्यात आलंय?" "याआधी असं काही घडलं होतं का?" विचारून झालं की गप्प बसायचं. हेच अवघड असतं. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टर पेशंटचं पहिलं बोलणं सरासरी 18 सेकंदांत तोडतात, असं दिसलं होतं. उलट 2002 च्या स्विस अभ्यासात पेशंटना कोणी अडवलंच नाही, तेव्हा त्यांचं बोलणं सरासरी 92 सेकंदांत आपोआप संपलं. म्हणजे आठ मिनिटांच्या स्टेशनमध्येही (मुलाखतीच्या एका छोट्या टप्प्यात) दीड मिनिट ऐकण्याला देणं परवडतं.

अभिनेत्यासमोर

छोट्या-छोट्या अनेक मुलाखतींची एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. दाराबाहेर साधारण दोन मिनिटं वाचायला आणि आत पाच ते आठ मिनिटं, असा तिचा नेहमीचा बाज. दाराबाहेरच्या दोन मिनिटांत तीनच गोष्टी शोधा: मी कोण आहे, समोर कोण आहे, आणि कागदावर काय लिहिलेलं नाही. पहिली गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकते. कागदावर 'पहिल्या वर्षाचे रेसिडेंट' असताना उमेदवार आत जाऊन कन्सल्टंटच्या थाटात उपचार बदलून टाकतो.

आत गेल्यावर नाव आणि हुद्दा सांगा, समोरची व्यक्ती पेशंटची कोण लागते ते विचारा. याची दोन कारणं: संबोधन चुकत नाही, आणि कोणाला काय सांगता येईल हे ठरतं. पेशंट शुद्धीत आणि सक्षम असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय पुतण्यालाही तपशील सांगता येत नाहीत. "त्यांची प्रकृती त्यांना विचारल्याशिवाय मी सांगू शकत नाही, पण तुमचं म्हणणं मात्र आत्ता नक्की ऐकतो," हे वाक्य तोंडात बसवून ठेवा.

मग बसा. समोरचा उभा राहूनच बोलत असेल तर त्याला बसण्याची विनंती करा. नाही बसला तर तुम्हीही उभे राहा, पण आवाज खालीच ठेवा. पहिलं दीड मिनिट त्याचं. नंतर भावनेला नाव द्या: "दोन दिवस कोणी धड काही सांगत नाही, म्हणून तुम्ही संतापलाय." नाव चुकलं तरी बिघडत नाही, समोरचा स्वतःच दुरुस्त करतो: "संताप नाही, भीती वाटतेय." तुम्हाला तेच तर हवं होतं.

"शांत व्हा" हे दोन शब्द पूर्णपणे टाळा. त्यांचा अर्थ 'तुमचा राग चुकीचा आहे' असा ऐकू जातो. "मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय" हेही तसंच, "तुम्हाला काय कळणार?" हे उत्तर तयारच असतं. "आमचा असा नियम आहे" हे वाक्य पहिल्या तीन मिनिटांत आलं की बहुतेक अभिनेते आवाज चढवतात. त्यांना सूचनाच तशा दिलेल्या असतात: ऐकून घेण्याआधी स्पष्टीकरण आलं तर राग कायम ठेवायचा, दखल घेतली तर थोडं नरमायचं. अभिनेता नरमत नसेल, तर तुम्ही कुठलीतरी पायरी ओलांडून पुढे गेला आहात असं समजा आणि मागे या.

माफीबद्दल मनात गोंधळ नको. "तुम्हाला हे सोसावं लागलं याचं वाईट वाटतं" ही सहानुभूती झाली. चूक खरोखर घडली असेल तर तेवढ्याने भागत नाही. सरळ सांगावं लागतं: काय घडलं, पेशंटवर त्याचा काय परिणाम झाला, आत्ता काय करतोय, अजून काय माहीत नाही आणि ते कधीपर्यंत कळवणार. "तुम्हाला गैरसोय वाटली असेल तर क्षमस्व" या वाक्यातला 'तर' सगळ्यावर पाणी ओततो. चूक झाली की नाही हेच ठाऊक नसेल, तर कबूलही करू नका आणि नाकारूही नका: "हे कसं झालं ते मला अजून माहीत नाही. मी शोधतो आणि चारच्या आत तुम्हाला सांगतो." तक्रार करायची असेल तर मार्ग दाखवा, अडवू नका. तक्रारीचा मार्ग आपण होऊन दाखवणाऱ्या उमेदवारावरून परीक्षकाची नजर सहसा हलत नाही.

वाईट बातमी द्यायचं स्टेशन असेल तर 2000 साली मांडलेला 'स्पाइक्स'चा सहा पायऱ्यांचा क्रम कामी येतो: जागा आणि मांडणी, त्यांना काय माहीत आहे, किती जाणून घ्यायचं आहे, माहिती, भावनांची दखल, पुढची दिशा. वादाच्या स्टेशनलाही तो चालतो, फक्त पाचवी पायरी बरीच आधी घ्यावी लागते.

राग धमकीकडे झुकला तर गणित बदलतं. अमेरिकेत 2012 मध्ये तातडीच्या सेवेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी खवळलेल्या व्यक्तीला शब्दांनी शांत करण्याच्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या मुलाखतीत कामाला येणाऱ्या अशा: किमान दोन हातांच्या लांबीएवढं अंतर ठेवा, दोघांनाही बाहेर पडायची वाट मोकळी असू द्या, बोलणारा एकच असू द्या, वाक्यं छोटी ठेवा, मर्यादा स्पष्ट सांगा आणि निवडीला वाव द्या. "मला तुमचं ऐकायचंय. टेबलावर हात आपटलात तर मला बाहेर जावं लागेल. बसून बोलू या, की दहा मिनिटांनी येऊ?" हात उगारला गेला किंवा शस्त्र दिसलं, तर बोलणं संपलं, बाहेर पडा आणि सुरक्षारक्षकांना बोलवा. तिथे धाडसाला गुण नसतात.

नेहमीचे पेच

*"आईला कॅन्सरचं सांगू नका."* लगेच "पेशंटचा हक्क आहे" म्हणू नका आणि "बरं" तर मुळीच नाही. मुलाला आधी विचारा की सांगितल्यावर काय होईल अशी भीती आहे. बहुतेकदा "ती खचेल" हे उत्तर येतं, आणि ते प्रेमापोटी असतं. मग आईलाच एकटीला विचारायचं: "तपासण्यांबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? की मुलाशी बोललेलं चालेल?" जाणून घेण्याइतकाच न जाणण्याचाही तिला हक्क आहे, पण तो निर्णय तिचा. मुलाला तुमची मर्यादा आधीच सांगून ठेवा: मी होऊन विषय काढणार नाही, पण त्यांनी थेट विचारलं तर खोटं बोलणार नाही. निदान मुलाला आईच्या आधी कळलं कसं, हा प्रश्न पॅनेलने विचारायच्या आत तुम्हीच उपस्थित केलात, तर चांगलं.

*रक्त चढवून घ्यायला नकार, किंवा छातीत दुखत असताना घरी जायचा हट्ट.* इथे सगळी मदार निर्णयक्षमतेवर. चार गोष्टी पाहायच्या: माहिती समजते का, निर्णयापुरती लक्षात राहते का, फायदे-तोटे तोलता येतात का, निर्णय सांगता येतो का. ही क्षमता त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. सकाळी नसलेली संध्याकाळी असू शकते. म्हणून कमी साखर, कमी ऑक्सिजन, संसर्ग, दारूचा अंमल अशी दुरुस्त होण्यासारखी कारणं आधी तपासा. निर्णय आपल्याला अविचारी वाटतो, एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही. सक्षम पेशंट जायचंच म्हणाला, तर सही घेऊन हात झटकू नका. का जायचंय ते विचारा. कित्येकदा घरी एकटं मूल असतं किंवा कामावरून रजा मिळालेली नसते, आणि तेवढं सुटलं की माणूस थांबतो. तरीही निघालाच तर औषधं, धोक्याची लक्षणं, पुढची तारीख द्या आणि केव्हाही परत आलात तरी दार उघडं आहे, असं सांगा. नकार देणारे आईबाप असतील आणि जीव मुलाचा धोक्यात असेल, तर मुलाचं हित पुढे येतं: तातडीने सीनियर, आणि त्या देशातला कायदेशीर मार्ग. जिथे अर्ज करताय तिथला संमतीचा कायदा वाचूनच जा. देशागणिक तो बदलतो.

*"सगळं करा, काहीही सोडू नका," किंवा भावंडांची दोन मतं.* मतं मोजू नका. निर्णयाचा अधिकार कायद्याने कोणाचा ते पाहा, आणि मग प्रश्न फिरवा: "तुम्हाला काय हवंय, हे क्षणभर बाजूला ठेवू. बाबा आत्ता इथे बसून बोलू शकले असते, तर काय म्हणाले असते?" सगळ्यांना एकत्र बसवून एकाच तोंडून माहिती द्या. ठरावीक मुदतीचा प्रयत्न हा मधला मार्ग अनेकदा निघतो: 72 तास हे उपचार करू, अमुक सुधारणा दिसते का पाहू, मग पुन्हा बसू. तिढा कायम राहिला तर दुसरं तज्ज्ञ मत किंवा नैतिकता समिती.

*"मला हे डॉक्टर नकोत."* दोन प्रकार वेगळे करा. अत्याचाराचा इतिहास असलेली स्त्री महिला डॉक्टर मागत असेल, तर ती सोय करायची विनंती आहे. वंश, धर्म किंवा जातीवरून नकार येत असेल, तर आधी प्रकृती पाहा. जीव धोक्यात असेल तर उपचार थांबत नाहीत. स्थिर असेल तर शांतपणे मर्यादा सांगा आणि सीनियरला सांगा. "मला काही वाटलं नाही" हे उत्तर पॅनेलला पटत नाही. वाटलं, आणि तरीही काम केलं, नंतर टीमशी बोललो, हे पटतं.

सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्याचं सोपं आहे: भीती विचारा, तपासा, तपासताना काय आढळतंय ते मोठ्याने सांगा, कधी परत यायचं ते लिहून द्या.

सीनियरला कधी बोलवायचं

पहिल्याच वाक्यात "मी सीनियरला कळवेन" म्हटलं की टाळाटाळ वाटते. अजिबात नाही म्हटलं तर धोका वाटतो. आधी ऐका, पेशंट सुरक्षित आहे ना ते बघा, हातातलं काम करा. मग तुमच्या अधिकाराबाहेरचा निर्णय, घडलेली चूक, क्षमतेबद्दलची शंका किंवा धमकी यांपैकी काही असेल तर फोन करा. फोनवरही क्रम पाळा: आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. "घरचे चिडलेत, या" असा फोन करू नका.

नोंदीचा उल्लेख उत्तरात एका वाक्याने करा: वेळ, कोण हजर होतं, काय सांगितलं, काय ठरलं. नातेवाइकांचे शब्द अवतरणात, विशेषणं नाहीत. केसपेपरवर 'भांडखोर नातेवाईक' लिहिलं की पुढच्या शिफ्टचा डॉक्टर वाद मनात धरूनच आत जातो.

उलटतपासणी आणि सराव

उत्तर संपल्यावर चार प्रश्न ठरलेले. "आता वेगळं काय कराल?" याला एकच नेमकी कृती सांगा. "तरीही ते शांत झाले नसते तर?" म्हणजे पुढची पायरी माहीत आहे का. "तुम्हाला राग आला होता का?" याला हो म्हणायला हरकत नाही, तो तुम्हाला कशावरून जाणवला आणि त्याचं काय केलंत, ते सांगा. "चूक कोणाची होती?" हा सापळा. कोणाचं नाव न घेता कुठे दुवा तुटला ते सांगा.

सरावात उत्तर फोनवर रेकॉर्ड करा आणि हातात कागद घेऊन ऐका. प्रसंगात शिरायला किती सेकंद लागले? समोरच्याला विचारलेले प्रश्न किती? शून्य असतील तर उत्तर पुन्हा बांधा. 'आम्ही' किती वेळा आलं? कृतीच्या भागात 'मी' हवा, श्रेय देताना 'आम्ही'. शब्दन् शब्द पाठ करू नका; पाच खुणा लक्षात ठेवा, मधलं प्रत्येक वेळी नव्याने बोला. भूमिकेच्या सरावासाठी डॉक्टर नसलेला मित्र पकडा आणि त्याला एवढंच सांगा: "मी ऐकून घ्यायच्या आत समजवायला लागलो, तर आवाज चढव." पहिल्या खेपेला तो मिनिटभरात ओरडायला लागेल.